चूल आणि वनरक्षण



दिंडोशीच्या टेकडीच्या एका अंगास मालाड-गोरेगावची दाट वस्ती, तर दुसऱ्या अंगास संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे वन आहे. तुळशी व विहार तलावांचे पाणलोट क्षेत्र याच वनाने राखले आहे. उद्यान आणि आरेच्या परिसरातील पाड्यांत वारली आदी आदिवासींची जुनी वस्ती आहे. तेथील काही घरांत आजही सरपणाची मोळी डोक्यावरून येते.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमान्वये राष्ट्रीय उद्यानातून परवानगीवाचून लाकूड नेता येत नाही. १९९५ मधील याचिकेनंतर उच्च न्यायालयाच्या आदेशाने अतिक्रमणे हटविण्यात आली आणि पुढे संरक्षक भिंतही उभी राहिली. तथापि, चुलीची गरज भिंतीने संपत नाही. बिबट्याच्या वाटेवरून मोळीसाठी जाणाऱ्या स्त्रीस कायदा ठाऊक असतो. घरी दुसरे इंधन मात्र नसते.

साध्या चुलीत लाकडातील उष्णतेचा जेमतेम दशांश भांड्यास लागतो. वाळक्या काटक्या पुरेनाशा झाल्या, की कोयता ओल्या फांदीवर पडतो आणि वनाची वाढ खुंटते.

गरज आणि रक्षण यांची सांगड घालता येते, हे गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाने दाखविले आहे. वनहक्क कायद्यानुसार २००९ मध्ये तेथील ग्रामसभेस सुमारे १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ मध्ये बांबूचा वाहतूक परवानाही तिच्या हाती आला. तेथे निर्णय सर्वसहमतीने होतात. ज्यांनी नियम केले, तेच ते पाळतात व राखतात.

दिंडोशीची परिस्थिती वेगळी आहे. शहरालगतच्या राष्ट्रीय उद्यानात मेंढ्याची व्यवस्था जशीच्या तशी आणता येणार नाही. परंतु पाड्यातील स्त्रियांना विचारल्यावाचून इंधनाची योजना आखू नये, एवढा बोध तेथेही लागू पडतो. २०१६ च्या उज्ज्वला योजनेने गरीब घरांत गॅसजोडणी पोहोचविली. परंतु रोजंदारीच्या घरास पुढचे सिलिंडर भरणे जड जाते आणि चूल पुन्हा पेटते.

म्हणून कुऱ्हाडबंदीचा ठराव वाचण्यापूर्वी पंचायत सदस्यांनी, शिक्षकांनी व अधिकाऱ्यांनी एक नोंद अवश्य करावी : गावात चुली किती, महिन्यास मोळ्या किती आणि रिकामी सिलिंडरे किती. वनरक्षणाचा आरंभ या नोंदीपासून व्हावा.