अवघड प्रश्न आणि वाकडा प्रश्न

(तरुण कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात ऑनलाइन दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



मी मूळची चिपळूणची. गेली चौदा वर्षं कॅनडात, टोरांटोजवळ राहते. तिथल्या माध्यमांविषयी बोला, असं संयोजकांनी सांगितलं. विषय मोठा आहे, म्हणून मी त्यातला एकच धागा धरते: पक्षनेत्यांच्या टीव्हीवरच्या मुलाखती आणि त्यांच्यावर होणारा पक्षपाताचा आरोप. निवडणूक आली की कॅनडात दुकानात, ऑफिसात, मशिदीबाहेर एक वाक्य हमखास ऐकू येतं: "चॅनलवाले त्यांचेच आहेत." हे 'ते' कोण, हे मात्र बोलणारा कोण आहे त्यावर ठरतं.

आधी थोडी पार्श्वभूमी सांगते. कॅनडात दोन प्रकारच्या वाहिन्या आहेत. सीबीसी ही १९३६ साली सुरू झालेली सार्वजनिक संस्था. २०२४ च्या सुमारास तिला दरवर्षी संसदेकडून साधारण १४० कोटी डॉलर मिळत. तिचाच फ्रेंच भाग म्हणजे रेडिओ-कॅनडा. दुसरीकडे सीटीव्हीसारख्या खाजगी वाहिन्या. सीटीव्हीची मालक बेल ही टेलिफोन कंपनी आहे. निवडणुकीच्या काळात सगळ्या पक्षांना न्याय्य वागणूक द्या, असं प्रसारकांवर बंधन आहे. न्याय्य म्हणजे घड्याळ लावून समान मिनिटं नव्हेत. वादाला जागा नेमकी तिथेच राहते.

आता दोन प्रसंग सांगते. दोन्ही एकाच वाहिनीचे आहेत.

पहिला प्रसंग ९ ऑक्टोबर २००८ चा. मतदान पाच दिवसांवर आलं होतं. लिबरल पक्षाचे नेते स्टेफान दिऑन हॅलिफॅक्स शहरात सीटीव्हीच्या स्थानिक केंद्राला मुलाखत द्यायला बसले. दिऑन राज्यशास्त्राचे प्राध्यापक, मातृभाषा फ्रेंच. प्रश्न साधारण असा होता: तुम्ही आज पंतप्रधान असता, तर या आर्थिक संकटात हार्पर यांनी जे केलं नाही असं तुम्ही काय केलं असतं? इंग्रजी वाक्यात 'आज असता' आणि 'केलं असतं' हे दोन काळ एकमेकांत अडकले होते. म्हणजे कधीपासून पंतप्रधान, आजपासून की आधीपासून? दिऑन अडखळले. पुन्हा सुरुवात करू या, असं त्यांनी एकदा नव्हे, अनेकदा म्हटलं. मुलाखतकाराने ते मान्य केलं. पुढे मात्र वाहिनीने ती अडखळलेली सुरुवात जशीच्या तशी दाखवली. वाहिनीच्या राष्ट्रीय वृत्तवाहिनीवर माइक डफी यांच्या कार्यक्रमात तिच्यावर चर्चाही रंगली. त्याच रात्री पंतप्रधान हार्पर पत्रकारांसमोर आले आणि म्हणाले, यावरून दिसतं की यांच्याकडे अर्थव्यवस्थेसाठी योजनाच नाही.

तुमच्यापैकी जे उर्दू किंवा मराठी माध्यमात शिकून पहिल्यांदा इंग्रजी मुलाखतीला बसले असतील, त्यांना ती खुर्ची कशी असते हे मी वेगळं सांगायला नको. प्रश्न नीट न कळणं वेगळं आणि उत्तर नसणं वेगळं. त्या रात्री टीव्हीने हा फरक पुसून टाकला.

दिऑन हरले. ते या मुलाखतीमुळेच हरले असं कोणी म्हणू शकणार नाही. त्यांचा प्रचार आधीच डळमळीत होता. पण प्रेक्षकांनी तक्रारी केल्या आणि खाजगी प्रसारकांच्या मानक परिषदेने २००९ मध्ये निर्णय दिला की दोन्ही प्रक्षेपणांनी आचारसंहितेचा भंग केला आहे. दरम्यान, डिसेंबर २००८ मध्ये हार्पर यांनी माइक डफी यांची सिनेटवर नेमणूकही केली होती. सीटीव्ही कॉन्झर्व्हेटिव्हांची आहे, असं लिबरलांना वाटलं तर त्यात नवल काय?

आता दुसरा प्रसंग, सप्टेंबर २०२४ चा. या वेळी कॉन्झर्व्हेटिव्ह विरोधात होते आणि पिएर पॉलिएव्ह त्यांचे नेते होते. त्यांनी सरकारवर अविश्वास ठराव आणायचं ठरवलं होतं आणि कार्बन कराच्या मुद्द्यावर निवडणूक व्हावी, अशी त्यांची मागणी होती. २२ सप्टेंबरला सीटीव्हीने सरकारच्या दंतोपचार योजनेवर एक बातमी दाखवली. त्यात पॉलिएव्ह यांच्या बोलण्याचे तुकडे असे जोडले होते की ठराव जणू त्या योजनेविरुद्धच आहे असं वाटावं. कार्बन कराचा उल्लेखच कापला गेला होता. ही समोरासमोरची मुलाखत नव्हती, पण नेत्याच्या तोंडचे शब्द आणि संपादकाची कात्री यांचा संबंध तोच होता. कॉन्झर्व्हेटिव्हांनी वाहिनीवर बहिष्कार टाकला. वाहिनीने माफी मागितली आणि काही दिवसांतच जाहीर केलं की याला जबाबदार असलेले दोघे जण आता वृत्तविभागात नाहीत. सीटीव्ही लिबरलांची आहे, असं आता कॉन्झर्व्हेटिव्ह म्हणू लागले.

वाहिनी तीच, आरोप बरोबर उलटा. आणि लक्षात घ्या, दोन्ही वेळा चूक खरी होती, सिद्ध झालेली होती. म्हणूनच "हे चॅनल अमक्या पक्षाचं" हे वाक्य फारसं कामाचं नाही. पाहायचं असतं ते त्या दिवशी, त्या टेबलावर नेमकं काय घडलं.

सीबीसीची अडचण आणखी वेगळी आहे. २०१९ च्या निवडणुकीत तिच्या पत्रकार रोझमेरी बार्टन ७ ऑक्टोबरच्या नेत्यांच्या वादचर्चेत पाच सूत्रसंचालिकांपैकी एक होत्या. तीनच दिवसांनी सीबीसीने कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षावर दावा ठोकला: आमच्या चित्रफिती प्रचारात वापरल्या म्हणून. त्या दाव्यात वादी म्हणून बार्टन यांचंही नाव होतं. मतदानाला अकरा दिवस उरलेले, आणि काल-परवा ज्या नेत्याला प्रश्न विचारले त्याच्याच पक्षाविरुद्ध पत्रकार कोर्टात! नाव नंतर काढलं गेलं, २०२१ मध्ये न्यायालयाने दावाही फेटाळला, पण मनात बसलेलं चित्र पुसता येत नाही. कॉन्झर्व्हेटिव्ह मतदारांच्या लेखी बार्टन लिबरल ठरल्या त्या ठरल्याच.

आता पुढची गंमत बघा. मार्च २०२५ मध्ये लिबरल पक्षाचे नवे नेते आणि पंतप्रधान मार्क कार्नी लंडनमध्ये पत्रकारांशी बोलत होते. त्यांच्या खाजगी गुंतवणुकीत हितसंबंध आडवे येतात का, हा विषय बार्टन यांनी लावून धरला. कार्नी चिडले. तुम्ही दुष्ट हेतू गृहीत धरून बोलताय, स्वतःच्या मनात डोकावून पाहा, अशा अर्थाचं त्यांनी भर पत्रकार परिषदेत सुनावलं. म्हणजे ज्या बाईंना एक पक्ष लिबरलांची म्हणतो, त्यांच्यावर लिबरल नेताही पूर्वग्रहाचा आरोप करतो. पुढच्याच महिन्यातल्या निवडणुकीत एक नेता इंग्रजी सीबीसीचा निधी बंद करायचं आश्वासन देत होता आणि दुसरा तो १५ कोटी डॉलरने वाढवायचं. प्रश्न विचारणाऱ्याचा पगार उत्तर देणाऱ्याच्या हातात आहे, हे प्रेक्षकालाही ठाऊक असतं. त्याच्या संशयाला निव्वळ वेडेपणा म्हणून चालणार नाही.

तरीही संशय हा पुरावा नाही. १९८५ साली अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. १९८२ मध्ये बैरुतच्या साब्रा आणि शातिला छावण्यांत पॅलेस्टिनींची कत्तल झाली, त्याच्या टीव्ही बातम्या त्यांनी इस्रायल समर्थक आणि अरब समर्थक अशा दोन्ही गटांतल्या विद्यार्थ्यांना दाखवल्या. बातम्या त्याच, एक शब्दही वेगळा नव्हता. दोन्ही गट म्हणाले, बातम्या आमच्याविरुद्ध झुकलेल्या आहेत. ज्या बाजूला आपला जीव गुंतलेला असतो, त्या बाजूचं पारडं आपल्याला कायम वर गेलेलंच दिसतं. हा माणसाचा स्वभाव आहे. त्यातून कोणी सुटलेलं नाही. मी नाही, तुम्हीही नाही.

म्हणून आता आपल्या जिव्हाळ्याच्या उदाहरणाकडे येते.

क्वेबेक प्रांताने जून २०१९ मध्ये विधेयक २१ संमत केलं. सरकारी शाळांतले शिक्षक, पोलीस, सरकारी वकील यांनी कामावर धार्मिक चिन्हं वापरायची नाहीत. हिजाब, पगडी, किप्पा, क्रॉस, सगळ्यांना बंदी. मी स्वतः हिजाब वापरत नाही. पण एखादी बाई डोकं झाकते म्हणून तिने मुलांना गणित शिकवू नये, हे मला अजिबात पटत नाही. या कायद्यासाठी प्रांताने कॅनडाच्या हक्कसनदेतलं कलम ३३ वापरलं. काही मूलभूत हक्क बाजूला ठेवून कायदा करायची मुभा ते देतं.

९ सप्टेंबर २०२१. पक्षनेत्यांची इंग्रजी वादचर्चा. सूत्रसंचालक शची कर्ल यांनी ब्लॉक क्वेबेक्वा पक्षाचे नेते इव्ह-फ्रान्स्वा ब्लांशे यांना सुरुवातीलाच प्रश्न टाकला. त्याचा आशय असा: क्वेबेकमध्ये वंशवाद नाही असं तुम्ही म्हणता, तरी अल्पसंख्याकांना बाजूला सारणाऱ्या कायद्यांची पाठराखण करता, या भेदभाव करणाऱ्या कायद्यांना तुमचा पक्ष पाठिंबा का देतो, हे बाहेरच्यांना समजावून सांगा.

आमच्या घरी त्या दिवशी चार-पाच कुटुंबं जमली होती. प्रश्न संपताच टाळ्या पडल्या. कोणीतरी एकदाचं बोललं, असं सगळ्यांना वाटलं.

मग काय झालं? ब्लांशे यांना कायद्यावर बोलावंच लागलं नाही. ते प्रश्नावर बोलले. क्वेबेकच्या लोकांना वंशवादी ठरवलं जातंय, असं ते म्हणाले. इतर पक्षांचे नेतेही क्वेबेकची मतं जातील म्हणून धावले. ट्रुडो यांनीही प्रश्नाला आक्षेपार्ह म्हटलं. प्रांताच्या विधानसभेने एकमताने ठराव करून प्रश्नाचा निषेध केला. ब्लॉकच्या मरगळलेल्या प्रचारात या प्रश्नाने जीव आला, असं अनेक विश्लेषकांनी लिहिलं. पुढचे दहा दिवस देश एका प्रश्नाच्या शब्दांवर भांडत राहिला. जिची नोकरी पणाला लागली होती, ती शिक्षिका त्या भांडणात कुठेच नव्हती.

कर्ल यांची बाजूही सांगायला हवी. त्या आपल्या प्रश्नावर ठाम राहिल्या, आणि त्यांच्या बाजूने एक वजनदार मुद्दा आहे: हक्कांना बाधा येणार नसती, तर कलम ३३ लावायची गरजच काय होती? मला हा मुद्दा पटतो. त्यांनी जे म्हटलं ते माझ्या मते खरंच होतं. पण निकाल आधी सुनावून मग जबाब विचारला की आरोपीला पळायला वाट मिळते. अवघड प्रश्न नेत्याला कोंडीत पकडतो. वाकडा प्रश्न त्याला दार उघडून देतो.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये क्वेबेकच्या वरिष्ठ न्यायालयाने, कायदा मोठ्या प्रमाणावर कायम ठेवतानाही, नोंदवलं होतं की त्याची झळ सर्वांत जास्त मुस्लिम स्त्रियांना बसेल. मग प्रश्न असा विचारता आला असता: न्यायालय असं म्हणतं, हिजाब वापरणाऱ्या शिक्षिकेला तुम्ही काय सांगाल? यात विशेषण एकही नाही, आणि पळायला वाटही नाही. हाच प्रश्न मग ट्रुडो यांना, ओटूल यांना, जगमीत सिंग यांना विचारायचा: तुम्ही या कायद्याविरुद्ध न्यायालयात उभे राहणार का? त्या रात्री आपल्याला हे हवं होतं. आपल्याला टाळ्या मिळाल्या, उत्तर मिळालं नाही.

तीन महिन्यांनी, डिसेंबर २०२१ मध्ये, क्वेबेकमधल्या चेल्सी गावात तिसरीच्या एका शिक्षिकेला हिजाबमुळे वर्गावरून हलवण्यात आलं. मुलांनी आणि पालकांनी शाळेच्या कुंपणाला हिरव्या फिती बांधल्या. त्या फितींनी लोकांना जे दाखवलं, ते त्या वादचर्चेला दाखवता आलं नाही.

म्हणून मुलाखत पाहताना मी चार गोष्टी तपासते. प्रश्नात निकाल आधीच दडवलेला आहे का? तेवढाच अवघड प्रश्न समोरच्या पक्षाच्या नेत्यालाही विचारला गेला का? उत्तर पूर्ण ऐकवलं, की कात्री लावली? आणि चूक झाली तर दाद मागायला जागा आहे का? कॅनडात ती आहे: सीबीसीला स्वतःचा लोकपाल आहे, खाजगी वाहिन्यांना मानक परिषद आहे. परिषद वाहिनीला निर्णय जाहीर करायला लावते, दंड करत नाही; निकाल यायला महिने लागतात, तोवर निवडणूक होऊन जाते. व्यवस्था लंगडी आहे. पण २००८ ची चूक आज मी 'आरोप' न म्हणता 'चूक' म्हणू शकते, ती कुणीतरी वेळ काढून, तारीख-वेळ लिहून तक्रार केली म्हणून.

तुम्हाला एक काम सांगते. कोणत्याही नेत्याची एक पूर्ण मुलाखत निवडा. तीस सेकंदांची क्लिप नको. वेगळ्या पक्षाला मत देणाऱ्या एखाद्या मित्राबरोबर बसून ती पाहा. दोघांनी वेगवेगळ्या कागदांवर लिहा, कुठला प्रश्न वाकडा वाटला आणि का. मग कागद बदला. जिथे प्रश्न आपल्या बाजूने वाकडा होता आणि आपण तो लिहिलाच नाही, तिथे थोडा वेळ थांबा. दुसऱ्याच्या पक्षपातावर बोट ठेवायचा अधिकार तिथूनच सुरू होतो.

आता तुमचे प्रश्न येऊ द्या. अवघड असले तरी चालतील.