पाऊस, उपग्रह आणि भूकेंद्राची जागा



भूस्थिर उपग्रहाकडून निघालेला संदेश सुमारे ३६,००० किलोमीटर अंतर तोडून पृथ्वीवर येतो. एवढ्या वाटचालीत पाऊस त्याला गाठतो तो केवळ शेवटच्या चार-पाच किलोमीटरांत. आपल्या प्रदेशात त्याहून अधिक उंचीवर पाणी बर्फरूपात असते आणि कोरडा बर्फ रेडिओलहरींना फारसे अडवीत नाही. अडवितो तो पाण्याचा थेंब.

हा उपद्रव पूर्वी विशेष जाणवत नसे. पुणे जिल्ह्यात जुन्नरजवळ आर्वी येथे १९७१ साली भारतातील पहिले व्यापारी भूकेंद्र, 'विक्रम', सुरू झाले. तेथील लहरींची लांबी पाच ते साडेसात सेंटिमीटर होती. काही मिलिमीटरांचा थेंब अशा लहरीला विशेष बाधत नाही. ऑगस्ट १९७५ ते जुलै १९७६ या काळात सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत उपग्रहाद्वारे दूरचित्रवाणी दाखविण्यात आली. त्या लहरी तर सुमारे ३५ सेंटिमीटर लांबीच्या. म्हणूनच खुराड्याला लावतात तशा साध्या जाळीची तीन मीटरची तबकडीही त्यांना पुरली.

इंटरनेटची गोष्ट निराळी आहे. अधिक माहिती वाहून न्यायची तर अधिक कंपनसंख्येच्या, म्हणजे आखूड लहरी वापराव्या लागतात. केयू पट्ट्यात उपग्रहाकडून येणारी लहर सुमारे अडीच सेंटिमीटरांची असते, तर केए पट्ट्यात ती एक ते दीड सेंटिमीटरवर येते. लहर आखूड होऊन थेंबाच्या मापाजवळ येऊ लागली की थेंब तिची शक्ती शोषून घेतो व ती विखुरतो.

डिसेंबर २०१८ मध्ये अवकाशात गेलेल्या 'जीसॅट-११' या भारतीय उपग्रहात गावांकडील दुवे केयू पट्ट्यात, तर मुख्य भूकेंद्रांकडील दुवे केए पट्ट्यात आहेत. याचा अर्थ ग्रामपंचायतींनी नीट ध्यानात घ्यावयास हवा. गावात लख्ख ऊन असूनही दुवा तुटू शकतो; कारण दूरच्या ज्या केंद्रातून तो चालतो, तेथे ढग फुटलेला असतो. एका गावावरील पाऊस एका गावापुरता; मुख्य केंद्रावरील पावसाची झळ त्यावर विसंबलेल्या सर्वच गावांना.

म्हणून केंद्राची जागा ठरविताना केवळ वार्षिक पर्जन्यमानाचा तक्ता पाहणे दिशाभूल करणारे ठरते. (सरकारी नस्तीत हाच तक्ता सर्वात आधी लावला जातो, ही गोष्ट वेगळी!) कोकणात दिवसभर संथ पडणारी झड आखूड लहरींना क्षीण करते, परंतु दुवा बहुधा तगून राहतो. मराठवाड्यात वर्षाचा पाऊस त्या मानाने कितीतरी कमी. तरी ताशी १०० मिलिमीटरच्या जोराने दहा मिनिटे कोसळणारी वळवाची सर तो पार तोडू शकते. सर पडते किती, यापेक्षा ती पडते किती वेगाने, हे येथे महत्त्वाचे.

तबकडी आकाशात किती वर पाहते, हाही प्रश्न आहेच. 'जीसॅट-११' पूर्व रेखांश ७४ अंशांवर असल्याने पुण्याहून तो दक्षिणेस, क्षितिजापासून सुमारे ६८ अंश उंच आहे. पाच किलोमीटर जाडीच्या पावसातून त्याची लहर जेमतेम साडेपाच किलोमीटर जाते. उपग्रह २० अंशांवर असता तर हीच वाट साडेचौदा किलोमीटर झाली असती.

वळवाचा स्वभाव मात्र अभियंत्यांच्या उपयोगी पडतो. तो एका शिवारात कोसळतो आणि शेजारचे शिवार कोरडे ठेवतो. त्याचा जोरकस गाभा काही किलोमीटरच रुंद असल्याने, काही दशक किलोमीटर अंतरावर दुसरे केंद्र ठेवले तर दोन्हींवर एकाच वेळी तशी सर येण्याचा संभव फार कमी राहतो. अशी जोडकेंद्रे खर्चाची असतात. परंतु पूर, वीज पडणे, रुग्णाला हलविणे अशा प्रसंगीच गावाला संपर्क हवा असतो आणि नेमका तेव्हाच आकाश भरून आलेले असते. तो खर्च या हिशेबाने तोलला पाहिजे.

गावपातळीवर करण्याजोगे थोडेच, पण हाती असलेले आहे. तबकडीच्या दक्षिणेकडील झाडाची फांदी पावसाळ्यापूर्वी छाटावी, वाऱ्याने दिशा ढळू नये म्हणून बोल्ट आवळावेत, तारेचे सांधे जलरोधक करून घ्यावेत. सर ओसरल्यावर दुवा बहुधा काही मिनिटांत आपोआप परत येतो. आकाश निवळून तासभर झाला तरी तो आला नाही, आणि शेजारच्या गावांचा दुवा सुरू असेल, तर दोष ढगात शोधू नये. सांध्यात पाणी शिरले आहे काय, ते पाहावे.