पिशवी कोण भरतं?

(जळगाव आणि धुळ्यातील कुटुंबांच्या हिवाळी मुक्कामाआधीच्या तयारी बैठकीत केलेलं भाषण)



शेतावरच्या मुक्कामाला पहिल्यांदा येणाऱ्या कुटुंबांना सामानाची यादी सांगायचं काम माझ्याकडे आलं आहे. यादी सांगणारच आहे, पण आधी आमच्या पहिल्या मुक्कामाची फजिती ऐका. ही यादी त्या फजितीतूनच तयार झाली.

माझं माहेर जळगावचं, सासर धुळ्याचं. तीन वर्षांपूर्वी डिसेंबरमध्ये दोन्हीकडची मिळून आम्ही अकरा माणसं रावेर तालुक्यात, पालच्या अलीकडे एका शेतावर गेलो. भरीत पार्टी आपल्या खान्देशाला नवी नाही. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजायची, ठेचायची, कळण्याच्या भाकरीबरोबर खायची आणि रात्री घरी परतायचं. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. आम्ही एवढंच ठरवलं की यावेळी परतायचं नाही, तिथेच झोपायचं.

सामान मी एकटीनं भरलं. दोन पातेली, मसाल्यांचे डबे, वांगी, चिकन, चहाचं सामान, मुलांचे स्वेटर. पुरुषांनी तंबू, दोरी आणि एक मोठी टॉर्च आणली.

रात्री साडेदहापर्यंत आम्ही तिघी चुलीपाशीच होतो. माझी नणंद दुपारनंतर पाणीच प्यायली नाही. टॉर्च एकच, ती पुरुषांकडे. बायकांसाठी आडोसा कुठे करायचा हे कुणी ठरवलं नव्हतं आणि विचारायची तिला लाज वाटली. सकाळी तिला चक्कर आली. माझ्या सासूबाई, म्हणजे आमच्या अम्मी, पहाटे तीनपासून निखाऱ्यांजवळ बसून होत्या. अंगावर दोन रजया, पण खाली एक पातळ चटई. परत येताना अम्मी म्हणाल्या, "बेटा, तू सगळ्यांचं भरलंस, पण कुणाला काय लागतं ते विचारलं नाहीस. आणि स्वतःचं तर काहीच घेतलं नाहीस."

त्या दिवशी आमच्या घरात नियम झाला: आपली पिशवी आपणच भरायची. अब्बांनी, भाईजाननी, सहा वर्षांच्या मुलानंही. मुलाला मदत करा, पण त्याच्या पिशवीत काय आहे ते त्याला माहीत हवं. अंधारात "अम्मी, माझा मोजा कुठे?" असा आवाज आला की समजा, पिशवी दुसऱ्यानं भरली आहे.

आता प्रत्येकाच्या पिशवीची यादी.

पहिलं अंथरूण. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे पारा १० अंशांच्याही खाली उतरतो. उन्हाळ्यात भाजून निघणाऱ्या आपल्या माणसांना हे पटत नाही. अंगाखालची जमीन शरीराची ऊब ओढून घेते, म्हणून पांघरुणाइतकंच लक्ष अंथरुणाकडे द्या. आधी ताडपत्री, तिच्यावर सतरंजी, वर जाड गोधडी. महागडी स्लीपिंग बॅग लागत नाही. घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी शेतमालकाकडे खाट मागा. कानटोपी आणि कोरड्या मोज्यांचा एक जास्तीचा जोड फक्त झोपण्यासाठी ठेवा.

दुसरं मच्छरदाणी. ती डासांसाठी आहेच, पण मण्यारसाठीही आहे. हा साप रात्री फिरतो. जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावला तर बऱ्याचदा दुखतही नाही, त्यामुळे माणूस गाफील राहतो. हिवाळ्यात साप कमी दिसतात, तरी मच्छरदाणीच्या कडा अंथरुणाखाली नीट खोचा. सकाळी बूट झटकूनच घाला, आत विंचू असू शकतो.

तिसरं टॉर्च. माणशी एक. मोबाइलचा उजेड मोजू नका, बॅटरी संपते.

चौथं पाणी. पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी माणशी दिवसाला किमान पाच लिटर धरा. वजूला एक लोटा पुरतो. नळ उघडा ठेवायची सवय घरी ठेवून या. विहिरीचं पाणी उकळूनच प्या.

पाचवं, आपलं ताट, वाटी, पेला. ज्याचं ताट त्यानं घासायचं. एवढ्या एका गोष्टीनं बायकांचा तासभर वाचतो.

आता सामाईक सामान. यात सर्वांत वर आडोशाचं सामान लिहा: दोन जुन्या चादरी, चार बांबू, दोरी, खुरपं, लोटा, साबण, आणि सॅनिटरी पॅड व ते गुंडाळायला कागदी पिशव्या. शेतावर पोहोचल्यावर तंबूच्या आधी आडोसा उभा करा. तो विहिरीपासून आणि नाल्यापासून लांब हवा. मुलींनी पाणी पिणं थांबवू नये यासाठी ही मेहनत आहे. पुरुषांनो, हे काम तुम्ही करा आणि न विचारता करा.

स्वयंपाक एका पातेल्याचा ठेवा. खिचडी, ठेचा, कांदा, बस. भरीत करायचं असेल तर वांगी भाजायला सगळे बसा. डाळ-तांदूळ घरीच मोजून डब्यात भरा आणि डब्यावर रांधणाऱ्याचं नाव लिहा. रात्रीच्या डब्यावर आमच्याकडे आता भाईजानचं नाव असतं. पहिल्या वर्षी खिचडी खाली लागली. सगळ्यांनी खाल्ली.

चाकूबद्दल स्पष्ट सांगते. व्हिडिओ बघून आपली मुलं मोठा सुरा कमरेला लावायला बघतात. ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याची हत्यारं शस्त्र नियमांत येतात. घरकाम आणि शेतीची अवजारं त्यातून वगळली आहेत. पण रस्त्यात थांबवलं तर समजावत कोण बसणार? कांदा कापायची सुरी डब्यात, डबा पिशवीत. विळा, कुऱ्हाड लागली तर शेतावर मागा.

औषधांत पट्टी, जंतुनाशक, ओआरएस, तापाची गोळी आणि रोजची औषधं. साप चावला तर कापू नका, चोखू नका, आवळून बांधू नका. तो हात किंवा पाय हलू देऊ नका आणि १०८ ला फोन करून सरकारी रुग्णालय गाठा. डोंगरात रेंज जाते, म्हणून जवळच्या रुग्णालयाचा रस्ता आणि नंबर कागदावर लिहून ठेवा.

पालच्या भोवतीचं जंगल म्हणजे १९६९ पासूनचं यावल अभयारण्य. तिथे शिरायला वनखात्याची परवानगी लागते आणि जाळ करणं गुन्हा ठरू शकतं. आपला मुक्काम म्हणून जंगलाबाहेर, शेतमालकाच्या होकारानं. चूल कडबा आणि काड्यांच्या ढिगापासून लांब, शेजारी भरलेली बादली. झोपण्याआधी राखेवर पाणी ओता, ढवळा, पुन्हा ओता. अम्मींसारखं निखाऱ्यांवर रात्र काढायची वेळ कुणावर यायला नको. चाळीसगावकडच्या गौताळा-औट्रम घाट अभयारण्यालाही हेच नियम आहेत.

ओळखपत्रं बरोबर ठेवा आणि गावच्या पोलीस पाटलांना आधी भेटून या. पंधरा अनोळखी माणसं रात्री शेतात दिसली की गावाला शंका येणारच. आम्ही दुसऱ्या वर्षी आधी भेटून आलो, तर सकाळी गावातूनच दूध आलं.

आमचे शेतमालक तडवी आहेत. यावल, रावेर, चोपड्याच्या पट्ट्यात सातपुड्याच्या पायथ्याशी राहणारा हा आदिवासी समाज मुस्लिम आहे, हे शहरातल्या आपल्या बऱ्याच मुलांना माहीतच नसतं. "जंगल, कॅम्पिंग हे आपल्या लोकांचं काम नाही," असं मला अजून ऐकावं लागतं. मी त्यांना चाचांकडे पाठवते. कोणतं लाकूड धूर करतं, वारा कुठून येतो, तंबूचं तोंड कुठे ठेवायचं, हे मुलांना त्यांनीच शिकवलं. शेत राखायला जाताना त्यांच्याकडे घोंगडी, काठी, टॉर्च आणि पाण्याचा डबा एवढंच असतं. आमचं पहिल्या वर्षीचं सामान बघून त्यांनी विचारलं होतं, "लग्न कुणाचं आहे?"

दुसऱ्या वर्षी नणंद पाणी प्यायली. अम्मी खाटेवर फजरपर्यंत झोपल्या. त्यांच्या पिशवीत क्रोशाची सुई आणि लोकर निघाली. चाळीस वर्षांच्या संसारात सहलीला स्वतःसाठी काहीतरी नेण्याची ही पहिलीच वेळ, असं त्यांनीच सांगितलं. मी त्या रात्री नऊ वाजता चुलीपासून उठले आणि आडवी झाले.

आज घरी गेल्यावर एक करा. पिशव्या काढा, प्रत्येकाच्या हातात एक द्या. अम्मींच्या हातातही द्या आणि विचारा, "तुम्हाला काय न्यायचं आहे?" त्या म्हणतील, "मला काही नको." तेवढ्यावर थांबू नका, पुन्हा विचारा.