बाळूचा चेंडू
(जळकोट येथे तरुणांच्या बैठकीत केलेले भाषण)



मी गोदीत ओझी उचलणारा माणूस. शिक्षण मॅट्रिक. कविता लिहितो. पण आज कविता नाही, क्रिकेट. हसू नका. मैदानावर जातही पॅड बांधून उभी असते.

बाळू पालवणकर. जन्म १८७६, घर चांभाराचं. पुण्यात आधी पारशांच्या, मग गोऱ्यांच्या क्लबात खेळपट्टी राखायची, जाळी बांधायची. पगार महिना चार रुपये. साहेबांना सराव हवा, म्हणून चेंडू याच्या हाती आला. डावखुरी फिरकी. ग्रेग साहेबाला तासन् तास टाकायचा. बाद केलं की साहेब आठ आणे द्यायचा म्हणतात. पण बॅट? ती बाळूच्या हाती क्वचितच. बॅट साहेबाची, घाम बाळूचा. गोदीत जहाज शेठचं, खांदा आमचा. हिशेब तोच.

मग पुण्याच्या हिंदूंना गोऱ्यांना हरवायची हौस आली. तेव्हा बाळू चालला. चहाच्या वेळी मात्र पॅव्हेलियनबाहेर, मातीच्या भांड्यात. त्याने टाकलेला चेंडू सवर्ण पोरं झेलत होती. चेंडू बाटला नाही, कप बाटत होता!

१९११ साली हा माणूस इंग्लंडला गेला. संघ सारखा हरत होता, आणि याने दौऱ्यात ११४ बळी घेतले. तिकडे अमेरिकेत बेसबॉलचा काळा पिचर सॅचेल पेज, त्याला मेजर लीगने आत घेतलं ते १९४८ साली, बेचाळिसाव्या वर्षी. तिथे मैदानाचं दारच बंद. इथे मैदान उघडं, चहा बाहेर. कोणतं वाईट, तुम्हीच ठरवा.

इतके बळी घेऊन बाळूला हिंदूंच्या संघाचं कप्तानपद मिळालं? नाही. १९२० साली तर त्यालाच वगळलं. भाऊ शिवराम आणि विठ्ठल संघ सोडून बाहेर पडले. बोंब झाली. तेव्हा कुठे १९२३ साली विठ्ठल कप्तान झाला. मागून मिळालं नाही, बाहेर पडल्यावर मिळालं. हे लिहून ठेवा.

आता कडू गोष्ट. १९३७ ची निवडणूक. मुंबईत बाबासाहेब उभे. त्यांना बाद करायला काँग्रेसने चेंडू कुणाच्या हाती दिला? बाळूच्या. बाबासाहेबांना १३,२४५ मतं, बाळूला ११,२२५. बाबासाहेब जिंकले.

म्हणून कुणी बाळूला शिव्या घालतं, कुणी नावच गाळतं. दोन्ही मला पटत नाही. तो हात आपलाच होता. ज्यांनी चहाला बाहेर बसवलं, त्यांनीच गरज पडली की आत बोलावलं. ही चाल ओळखायची आहे. १९५५ साली बाळू गेला. चाल गेली नाही. आजही आपल्या पोराला स्टेजवर बसवतात, हार घालतात, तिकीट देतात.

तुमच्या हाती कुणी चेंडू दिला तर घ्या. जोरात टाका. पण आधी विचारा : सामना कुणाचा? कप्तान कोण? आणि बाद कुणाला करायचंय?

जय भीम.