नोंदवहीतील अखेरचा रकाना

एखाद्या समाजाचे स्त्रीविषयक खरे मत त्याच्या सुभाषितांत शोधू नये. ते त्याच्या दप्तरांत शोधावे. सुभाषिते सणावारी उच्चारली जातात, दप्तर मात्र रोज लिहिले जाते. पोलीस ठाण्यातील आकस्मिक मृत्यूची नोंदवही हे असेच एक दप्तर होय. मृताचे नाव, वय, पत्ता आणि अखेरीस मृत्यूचे कारण, एवढाच तिचा पसारा. परंतु त्या अखेरच्या रकान्यात कोणता शब्द पडतो, यावर पुढचे सारे अवलंबून असते. 'खून' हा शब्द पडला तर तपासाला आरंभ होतो. 'अपघात' पडला तर कागद बांधून ठेवले जातात.

बंगळूर शहरात १९९७ साली स्त्रियांच्या अनैसर्गिक मृत्यूंची १,१३३ प्रकरणे पोलिसांच्या दप्तरी होती. त्यांपैकी १५७ खुनाची म्हणून हाताळली गेली, ५४६ आत्महत्या ठरल्या आणि ४३० अपघात. पुढच्या वर्षी एकूण संख्या १,२४८ झाली. उद्यानांसाठी व सुखद हवेसाठी नावाजलेले आणि संगणकाच्या व्यवसायामुळे त्याच सुमारास जगाच्या नजरेत भरू लागलेले हे शहर. तेथे दरमहा सुमारे शंभर स्त्रिया अकाली मरत होत्या, आणि बहुतेकींच्या मृत्यूला कोणीही जबाबदार नव्हते, असे कागद सांगत होता.

हे आकडे पुढे आणले ते १९७९ साली बंगळुरात स्थापन झालेल्या 'विमोचना' या स्त्रीसंघटनेने. तिच्या कार्यकर्त्यांनी नवे काही रचले नाही. पोलिसांचेच कागद चिकाटीने वाचले. अपघातांच्या त्या ढिगात एकच कारण पुनःपुन्हा येत होते, ते म्हणजे स्टोव्हचा भडका. हे कारण मराठी घरांनाही अपरिचित नाही. रॉकेलचा स्टोव्ह धोक्याचा असतो आणि त्याने माणसे भाजतात, हे खरेच. पण स्टोव्ह काही माणूस ओळखत नाही. मग सासू, नणंद, दीर यांना वगळून तो नेमका नव्या सुनेच्याच अंगावर का उडावा? प्रश्न इतका साधा होता की तो वर्षानुवर्षे कोणीही विचारला नव्हता, याचेच आश्चर्य वाटावे.

न विचारण्याला कारणेही होती. भाजलेली स्त्री रुग्णालयात येते, तेव्हा तिच्या उशाशी बहुधा सासरचीच माणसे असतात. तिचा मृत्युपूर्व जबाब कायद्याच्या दृष्टीने फार मोलाचा. परंतु तो देताना तिच्या मनात न्यायालय नसते, घरी राहिलेली मुले असतात. बाप तुरुंगात गेला तर त्यांना कोण सांभाळील, आणि आपण वाचलो तर कोठे जायचे, हे दोन प्रश्न तिच्यापुढे उभे असतात. म्हणून ती स्टोव्हचे नाव घेते. जबाब लिहून घेणाऱ्याला तो शब्द सोयीचा असतो, घरच्यांना हवाच असतो, माहेरच्यांनाही पुष्कळदा अब्रूसाठी पटवून घ्यावा लागतो. अशा रीतीने एका भयभीत जिवाचे अखेरचे वाक्य तिच्याच विरुद्ध पुरावा ठरते. विमोचनेच्या कार्यकर्त्या व्हिक्टोरिया रुग्णालयातील जळितांच्या विभागात जाऊन अशा स्त्रियांजवळ बसू लागल्या, त्याचे मर्म हेच होते. खरे बोलण्याआधी ऐकणारे कोणीतरी असावे लागते.

बंगळुरातील या मौनाला जागतिक मौनाची साथ होती. विमोचनेची स्थापना ज्या वर्षी झाली, त्याच १९७९ च्या १८ डिसेंबरला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने स्त्रियांविरुद्धचा सर्व प्रकारचा भेदभाव नष्ट करण्याचा करार संमत केला. शिक्षण, मतदान, नोकरी, विवाह, मालमत्ता अशा नाना विषयांचा त्यात ऊहापोह आहे. परंतु घरात होणाऱ्या मारहाणीविषयी त्यात स्पष्ट शब्द नाही. घराचा उंबरठा ओलांडण्यास राष्ट्रांचा कायदा तोवर संकोचत होता. ही उणीव कराराच्या समितीने पुढे १९८९ व १९९२ सालच्या शिफारशींनी भरून काढली आणि हिंसा हाही भेदभावच होय असे सांगितले. १९९३ च्या जूनमध्ये व्हिएन्ना येथील मानवी हक्क परिषदेत स्त्रियांचे हक्क हे मानवी हक्कांचे अविभाज्य अंग मानले गेले. त्याच डिसेंबरात आमसभेने स्त्रियांवरील हिंसेच्या निर्मूलनाचा जाहीरनामा काढून कुटुंबातील हिंसेचा नावानिशी निर्देश केला. भारतानेही १९७९ च्या कराराला मान्यता दिली ती १९९३ मध्येच.

अर्थात, स्वदेशात कोणी जगाची वाट पाहत बसले नव्हते. चंद्रपूर जिल्ह्यातील मथुरा या आदिवासी मुलीवर १९७२ साली पोलीस चौकीत अत्याचार झाला आणि सर्वोच्च न्यायालयाने आरोपींना निर्दोष ठरवले. तेव्हा १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, वसुधा धगमवार, रघुनाथ केळकर आणि लतिका सरकार या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. त्यातून उठलेल्या चळवळीने बलात्काराचा कायदा १९८३ मध्ये बदलला. हुंड्याविरुद्धच्या आंदोलनाच्या रेट्याने त्याच वर्षी पती व सासरच्यांनी केलेला छळ हा स्वतंत्र गुन्हा झाला, आणि विवाहानंतर सात वर्षांच्या आत विवाहितेने आत्महत्या केल्यास वा तिचा संशयास्पद मृत्यू झाल्यास शवचिकित्सा आवश्यक ठरली. १९८६ साली 'हुंडाबळी' या गुन्ह्याची कायद्यात भर पडली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितांतही या तरतुदी कायम आहेत. घरगुती हिंसेपासून संरक्षण देणाऱ्या २००५ च्या कायद्याच्या उद्देशपत्रिकेत तर व्हिएन्ना, बीजिंग परिषद आणि १९८९ ची शिफारस यांचा उल्लेखच आहे. परदेशातील सभागृहात उच्चारलेला शब्द स्वयंपाकघरापर्यंत कसा पोहोचतो, याचे हे उत्तम उदाहरण होय.

मात्र कायदा होऊन चौदा वर्षे लोटल्यावरही बंगळुरात नोंदवहीचा अखेरचा रकाना जुन्याच सवयीने भरला जात होता, हे १९९७ चे आकडे सांगतात. ही सवय मोडण्याचा एक आगळा उपक्रमही याच शहरातून जगभर गेला. विमोचनेच्या संस्थापिकांपैकी एक कोरिन कुमार यांनी 'स्त्रियांचे न्यायालय' ही कल्पना मांडली. असे पहिले न्यायालय १९९३ मध्ये लाहोर येथे भरले. या न्यायालयाला कोणाला शिक्षा देण्याचा अधिकार नसतो. पीडित स्त्रिया तेथे आपल्या तोंडून साक्ष देतात, जाणकार ती ऐकतात आणि समाजाला तिचा अर्थ सांगतात. २००९ च्या जुलैमध्ये बंगळुरातच हुंडा व तज्जन्य हिंसा या विषयावर असे न्यायालय भरले. अग्नीच्या कन्या, अशा अर्थाचे त्याचे नाव होते. शिक्षेविना न्यायालय कसले, अशी शंका कोणी घेईल. पण ज्या गुन्ह्याला गुन्हाच म्हटले जात नाही, त्याला प्रथम नाव द्यावे लागते. दंडाचा विचार त्यानंतरचा.

आज जगाचे चित्र फार पालटले आहे असे नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार २०२३ साली सुमारे ५१,१०० स्त्रिया व मुली पतीच्या, जोडीदाराच्या वा अन्य कुटुंबीयांच्या हातून मारल्या गेल्या. म्हणजे दररोज सुमारे १४०. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत विवाहित स्त्रियांपैकी कर्नाटकात ४४.४ टक्के, तर देशात २९.३ टक्के जणींनी पतीकडून हिंसा सोसल्याचे सांगितले. आधीच्या पाहणीत कर्नाटकाचा आकडा याच्या निम्म्याहून कमी होता. या वाढीतील किती भाग हिंसेचा आणि किती भाग बोलण्याच्या धैर्याचा, हे आकड्यावरून कळत नाही. तीच पाहणी सांगते की हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी ७७ टक्के जणींनी कोणाची मदत मागितली नाही की कोणाला काही सांगितलेही नाही.

या मौनावर आंतरराष्ट्रीय करार एकटा इलाज करू शकत नाही. करारावर सही राष्ट्राची असते. त्याचे पालन मात्र जबाब लिहिणाऱ्या हवालदाराच्या, जखमा तपासणाऱ्या डॉक्टरच्या आणि भिंतीपलीकडची किंकाळी ऐकणाऱ्या शेजाऱ्याच्या हाती असते. स्टोव्ह खरोखरच उडाला का, एवढेच त्यांनी थांबून विचारले, तर न्यूयॉर्कमध्ये संमत झालेला तो करार त्या घरापुरता अमलात आला असे म्हणता येईल.