पीसी बंद पडत नाही, म्हणजे स्टेबल आहे?

(एपिसोडचा लिखित मजकूर. बोलताना झालेली अडखळ तेवढी काढली आहे.)

मागच्या वेळी बरेच मेसेज आले की ओव्हरक्लॉकिंगवर बोल. बोलतो, पण सुरुवात माझ्या माती खाण्यापासून.

माझा पीसी जुना. इंटेलचा आय-५ २५००के, २०११ सालचा, सेकंडहँड घेतलेला. नावातला तो 'के' महत्त्वाचा, कारण त्याचा मल्टिप्लायर उघडा असतो. मूळ वेग ३.३ गिगाहर्ट्‌झ, टर्बोत ३.७. बायोसमध्ये मल्टिप्लायर ४५ केला की १०० गुणिले ४५, म्हणजे ४.५. फुकटात! जानेवारीत मी तेच केलं. व्होल्टेज १.३० दिलं, प्राइम९५ वीस मिनिटं चालवलं, पास. ग्रुपवर स्क्रीनशॉट टाकला, कॉलर ताठ.

मे महिन्यात मामेबहिणीचं लग्न. शूटिंग माझ्याकडे. कार्डावरचं फुटेज पीसीवर घेतलं, झिप करून हार्ड डिस्कवर टाकलं, पीसीवरची कॉपी उडवली आणि कार्ड फॉरमॅट केलं. आठवड्याने झिप उघडली तर एका क्लिपला सीआरसी एरर. हळदीत आजी नाचली होती ना, तीच क्लिप. अर्ध्यात फुटते.

या चार महिन्यांत एकदाही ब्लू स्क्रीन नाही. एकदा रेंडरमध्ये हिरवा चौकोन आला होता, तेव्हा मी सॉफ्टवेअरला शिव्या घालून मोकळा झालो.

आधी संशय रॅमवर गेला. बायोस डीफॉल्टवर आणलं, रात्रभर मेमटेस्ट चालवली, एकही एरर नाही. मग एकच मोठी फाइल दहा वेळा झिप केली, प्रत्येक वेळी परत उघडली आणि हॅश मूळ फाइलशी ताडून पाहिला. डीफॉल्टवर दहाच्या दहा बरोबर. ४.५ वर सातव्या वेळी हॅश जुळला नाही. विंडोज मात्र मजेत चालू! रात्री प्राइम९५ पुन्हा लावलं. तीन तासांनी चारपैकी एक वर्कर राउंडिंग एरर देऊन थांबलेला, बाकी तिघं चालूच. म्हणजे एक कोर मधूनच चुकीचं गणित करत होता आणि ते कुणाच्या लक्षात येत नव्हतं. त्यापेक्षा ब्लू स्क्रीन परवडली, ती निदान तोंडावर सांगते.

आता कारण. (आणि हो, इथे व्होल्टेज म्हणजे घरातल्या लाइटचं नव्हे. भिंतीतले २३० एसएमपीएस १२ करतो, आणि मदरबोर्डवरचं व्हीआरएम त्याचे सव्वा-दीड करून प्रोसेसरला देतं.) वेग वाढवला की प्रत्येक ट्रान्झिस्टरला शून्याचा एक करायला कमी वेळ मिळतो. व्होल्टेज वाढवलं की तो लवकर पलटतो. व्होल्टेज कमी पडलं की एखादा वेळेत पलटत नाही, आणि उत्तर चुकतं.

पण मी तर १.३० दिलं होतं! सीपीयू-झेड उघडून लोड टाकला, तर आकडा १.२४८. याला व्हीड्रूप म्हणतात. लोड आला की व्होल्टेज थोडं बसतं, बोर्ड तसाच बनवलेला असतो. बायोसमध्ये लिहिलेला आकडा आणि कामाच्या वेळी मिळणारा आकडा वेगळे. बघायचा तो लोडवरचा.

यावर उपाय म्हणून लोड लाइन कॅलिब्रेशन असतं. ते थेट शेवटच्या पायरीवर टाकू नका. लोड अचानक सुटला की व्होल्टेज क्षणभर वर उसळी मारतं, आणि तो क्षण सॉफ्टवेअरमध्ये दिसतही नाही. मी मधल्या पायरीवर ठेवलं.

मग सेट व्होल्टेज १.३४ केलं. एरर गेले. पण तापमान ९२! या चिपची सीमा ९८, तिथे ती स्वतःच वेग पाडते. उष्णता वेगाच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात. ३.७ आणि १.२० वरून ४.५ आणि १.३४ वर गेलात तर हिशेब करा, जवळजवळ दीडपट येते. त्यात आमचं जळगाव, मेमध्ये खोलीतच ४०. कूलर हवेपेक्षा थंड करू शकत नाही, त्यामुळे खोली जेवढे अंश चढते साधारण तेवढेच प्रोसेसर चढतो. शिवाय तापलेल्या चिपला त्याच वेगासाठी थोडं जास्त व्होल्टेज लागतं. जानेवारीतल्या रात्री केलेली वीस मिनिटांची टेस्ट मेमधल्या दुपारी काय कामाची?

म्हणजे व्होल्टेज कमी केलं तर चुका, वाढवलं तर भट्टी. ४.५ वर मधे जागाच उरली नव्हती. वर चिप सेकंडहँड, आधीच्या मालकाने तिला किती तापवलंय देव जाणे. जास्त व्होल्टेज आणि उष्णता वर्षानुवर्षं सोसली की चिप झिजते, मग आज पुरणारं व्होल्टेज उद्या पुरत नाही.

तुम्ही करणार असाल तर एका वेळी एकच गोष्ट बदला आणि वहीत लिहा, मोबाइलमध्ये नको, सापडत नाही. व्होल्टेज 'ऑटो'वर सोडू नका, बोर्ड उदार मनाने भरपूर देतो. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये व्हीआ-लॉगरच्या नोंदी शोधा. दुरुस्त झालेल्या एररसुद्धा तिथे दिसतात, आणि एक जरी दिसली तरी ती सेटिंग नापास. पीसी चालूच झाला नाही तर घाबरू नका, प्लग काढून बोर्डवरचा गोल सेल थोडा वेळ काढून ठेवा, बायोस मूळ पदावर येतं. आणि टेस्ट भर दुपारी, पंखा असेल तसा ठेवून, रात्रभर चालू ठेवून करा. त्या दिवसांत महत्त्वाच्या फाइलला हात लावू नका.

मी शेवटी ४.२ वर आलो. लोडवर १.२४ च्या आसपास, मेमधल्या दुपारी ७८. हॅश दहाच्या दहा, दोनदा. एका तासाचं रेंडर आता ६४ मिनिटं घेतं.

आजीचा नाच एका काकूंच्या फोनमध्ये सापडला. उभा व्हिडिओ, अर्धा वेळ बोट लेन्सवर. तोच जोडलाय.