खापराची साक्ष
(वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



मागे एका पालकांनी मला विचारले, "सर, पोरगा इतिहास घेतो म्हणतो. खापरं वेचून पोट भरतं का?" तेव्हा मला नीट उत्तर देता आले नाही. म्हणून आज खापरांविषयीच बोलतो.

सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवे आपल्याला ठाऊक आहेत. जमिनीत खोल पोकळी, तोंड अरुंद. हळद भरून तोंड बंद केले की आत ना हवा, ना कीड. 2005 च्या महापुरात त्यांतील पुष्कळ निकामी झाली. पण पेव जागचे हलत नाही. रोमन व्यापाऱ्याला तर माल समुद्रापार न्यायचा होता. त्यासाठी भाजलेल्या मातीचा उंच घडा असे, अँफोरा. दोन कान, अरुंद गळा, आणि बूड चक्क निमुळते! आमच्या घरच्या ओट्यावर तो क्षणभर उभा राहायचा नाही. गलबतात मात्र खालच्या घड्यांच्या खांद्यांमधील फटीत वरच्यांची टोके नेमकी बसत. ओतताना तेच टोक दुसऱ्या हाताने धरता येई. एका नेहमीच्या घड्यात सुमारे 26 लिटर मद्य मावे. ते पाझरू नये म्हणून आतून राळ फासत. तेलाचे घडे रिकामे झाले की बहुधा फोडून टाकीत. त्या खापरांची रोम शहरात सुमारे 35 मीटर उंच टेकडीच झाली आहे, मोंते तेस्ताच्चो. तेथील कित्येक तुकड्यांवर वजन आणि व्यापाऱ्याचे नाव शाईने लिहिलेले आहे. हिशेब पक्का!

हे सारे दूरदेशीचे नव्हे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथात भडोच बंदरी इटलीचे मद्य उतरे असे म्हटले आहे, आणि पैठण व तगर, म्हणजे आपले तेर, येथून माल गाड्यांनी तिकडे जाई असेही. डॉ. सांकलिया यांनी 1954 ते 1956 मध्ये नेवासे येथे उत्खनन केले, तेथेही अँफोराचे तुकडे नोंदले गेले.

आता माझी चूक सांगतो. असे प्रत्येक खापर रोमनच, असे मी वर्गात ठासून शिकवीत असे. पुढे रॉबर्टा टोंबर या विदुषींनी भारतातील अशा खापरांची फेरतपासणी केल्याचे वाचले. रोमन म्हणून नोंदलेले कित्येक तुकडे मेसोपोटेमियाकडील घड्यांचे, बरेचसे नंतरच्या शतकांतले निघाले. त्या घड्यांना कान नसतात, आणि आतून राळेऐवजी डांबर असते. म्हणजे मद्य, तेल, व्यापार यांचा इतिहास सांगायचा तर आतला थर राळेचा की डांबराचा हे आधी रसायनशास्त्राला विचारावे लागते. पुढच्या तासाला मुलांपुढे फळ्यावरचे जुने वाक्य मीच खोडले. थोडे ओशाळल्यासारखे झाले खरे, पण त्या दिवशी मुलांनी विचारले तितके प्रश्न वर्षभरात कधी विचारले नव्हते.

कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत सापडलेली पोसायडन या सागरदेवतेची लहानशी कांस्यमूर्ती तेथील टाऊन हॉल संग्रहालयाची आहे. यंदाची सहल तिकडे न्यावी असे मी सुचविले आहे. त्या पालकांनीही मुलासोबत यावे, गाडीत जागा आहे.